हरिश्चंद्रगड ते खुबी फाटा: रेंज ट्रेकचा शेवटचा दिवस कसा आखावा

प्रश्न थोडक्यात असा. सहाजणांचा गट डिसेंबरात चार दिवसांचा रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड हा रेंज ट्रेक, म्हणजे डोंगररांगेवरून सलग चालायचा ट्रेक, करतोय. पहिला मुक्काम रतनगडावर, दुसरा कुमशेतला, तिसरा हरिश्चंद्रगडावर. चौथ्या दिवशी सकाळी कोकणकडा आणि तारामती शिखर करून तोलारखिंडीने पायथ्याच्या खिरेश्वर गावात उतरायचं आणि खुबी फाट्यावरून कल्याणची एसटी धरायची. मागच्या एका ट्रेकला शेवटच्या उतारावर दोघांचे गुडघे बोलायला लागले, एकाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली आणि फाट्यावर पोहोचेपर्यंत अंधार झाला. या वेळी काय वेगळं करावं?

तुमचे पहिले तीन दिवस नीट बसलेत. चौथ्या दिवसात मात्र जे कुठेच बसलं नाही ते सगळं कोंबलंय. बहुतेक गटांचं हेच होतं, कारण "आता काय, उतरायचंच तर आहे" असं प्रत्येकाच्या मनात असतं. मन आदल्या रात्रीच घरी पोचलेलं असतं आणि पाय अजून गडावर असतात. अपघात याच दिवशी जास्त का होतात, ते यातच आलं.

शेवटचा दिवस एसटीपासून मागे मोजत यायचा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. खिरेश्वर ते खुबी फाटा हे अंतर पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने पाच-सहा किलोमीटर आहे. दमलेल्या पायांना सव्वा ते दीड तास लागतो. खिरेश्वरला जेवण म्हटलं की तास गेला, कारण भाकरी थापायला वेळ लागतो आणि जेवल्यावर कुणी लगेच उठत नाही. गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून खिरेश्वरपर्यंत हलक्या पाठीचा सराईत माणूस तीन तासांत उतरतो, पण भरलेल्या सॅका, सहाजण आणि चौथा दिवस हे धरता साडेचार तास द्या. म्हणजे फाट्यावर साडेतीनला पोचायचं तर देऊळ सकाळी साडेआठला सोडलं पाहिजे. इतकं करून हातात अडीच तास उजेड उरतो. तो कुणाचा तरी पाय मुरगळेल त्यासाठी राखलेला आहे, फोटोंसाठी नाही.

आता यात कोकणकडा आणि तारामती बसवून बघा. कडा देवळापासून अर्ध्या तासावर. जाणं, येणं आणि तिथे पालथं पडून खाली बघणं यात दीड-दोन तास सहज जातात. तारामतीचेही तेवढेच. दोन्ही केलंत तर देऊळ सोडायला साडेअकरा वाजतील आणि मागच्या वेळेसारखाच अंधार गाठेल.

कोकणकडा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी करा. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे त्याची खरी वेळ सूर्यास्ताचीच. त्यासाठी कुमशेत सकाळी साडेसहाला सोडायचं, पेठेच्या वाडीवरून गडाच्या पायथ्याची पाचनई गाठायची आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत गडावर यायचं. सॅका टाकायच्या, चहा घ्यायचा आणि चारला कड्याकडे निघायचं. परतताना अंधार होईल, तेव्हा प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च हवा. सकाळी कड्यावर जाण्याचा मोह असतो तो इंद्रवज्रामुळे. खाली कोकणात धुकं भरलेलं आणि पाठीमागून कोवळं ऊन आलं तर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य उमटतं आणि त्यात आपलीच सावली दिसते. पण त्याला धुकं लागतं. डिसेंबरात ते हमखास मिळत नाही, आणि अशा नशिबाच्या भरवशावर सहाजणांची एसटी लावू नये.

तारामती या ट्रेकमधून काढून टाका. ऐकायला वाईट वाटेल, पण पाचनईतून एका दिवसात तारामती करून खाली उतरता येतं. त्यासाठी पुन्हा या.

केदारेश्वराच्या गुहेबद्दल वेगळं सांगतो, कारण याचा संबंध थेट पायांच्या फोडांशी आहे. चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेला, मधे भलं मोठं शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी. बरेचजण शेवटच्या सकाळी आंघोळ आणि प्रदक्षिणा एकदमच उरकतात. पंधरा मिनिटं पाण्यात राहिलेली तळपायाची कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि मऊ होते. तसेच पाय मोज्यात कोंबून साडेचार तासांचा उतार सुरू केला की तोलारखिंडीच्या आतच टाचेला आणि करंगळीला फोड येतो. प्रदक्षिणा आदल्या दुपारी घाला. सकाळीच घालायची असेल तर पाय कोरडे पुसून अर्धा तास उन्हात ठेवा, बोटांच्या बेचक्या पुन्हा पुसा आणि मगच मोजे चढवा. या दिवसासाठी मोज्यांची एक धुतलेली जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, चार दिवस कुणाचीही भीड न धरता, राखून ठेवायची.

गुडघ्यांकडे वळतो. चढताना दम लागतो म्हणून चढ अवघड वाटतो, पण स्नायूंची खरी झीज उतारावर होते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी अंगाचा भार तोलत असतो. या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तिचं दुखणं लगेच जाणवत नाही. ते चोवीस ते बहात्तर तासांत शिगेला पोचतं. तुमचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी रतनगड उतरायचा, कात्राबाईची खिंड चढून पलीकडे कुमशेतला उतरायचं, म्हणजे एका दिवसात दोन मोठे उतार. त्यानंतर बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी तुम्ही तोलारखिंडीच्या कातळावर असणार. मांड्या सर्वांत जास्त धरलेल्या असतात नेमक्या तेव्हाच पावलावरचा ताबा सर्वांत जास्त लागतो. मांडीने भार घेतला नाही की तो गुडघ्यावर येतो. मागच्या वेळी त्या दोघांचं बहुधा हेच झालं.

तेव्हा चौथ्या दिवसाचे गुडघे दुसऱ्या दिवशीच वाचवायला लागतात. कात्राबाईचा उतार पळत उतरू नका. पावलं आखूड ठेवा, गुडघा किंचित वाकलेला असू द्या आणि तळवा पूर्ण टेका. पाय ताठ करून टाच आपटत उतरणाऱ्याचा आवाज मागून ऐकू येतो. त्याला तिथेच थांबवून सांगा. काठ्या असतील तर सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी उंची आणि उतारावर त्याहून पाच ते दहा सेंटिमीटर जास्त. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. निघण्याआधी महिनाभर बिल्डिंगचे जिने चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव करा, म्हणजे लिफ्टने वर आणि जिन्याने खाली. शेजारी हसतील, हसू द्या.

आणि वेदनाशामक गोळी खाऊन उतार सुरू करायची सवय सोडा. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात. शिवाय गुडघा ज्या दुखण्याने "थांब" म्हणतो तेच दाबलं जातं. क्रेप बँडेज, आखूड पावलं आणि गुडघा दुखणाऱ्याच्या सॅकमधलं निम्मं सामान बाकीच्यांनी वाटून घेणं हा उपाय जास्त खात्रीचा.

नखं काळी पडण्याचं कारण बहुतेक वेळा बूट लहान असणं हे असतं, किंवा बरोबर मापाचा बूट ढिला बांधलेला असणं. उतारावर पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा हजारो वेळा बुटाच्या टोकावर आदळतो. नखाखाली रक्त साकळतं. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा, आदल्या रात्री नको, कारण ताजी कापलेली कड बोचते. देवळापाशी बूट घालताना टाच जमिनीवर आपटून पाऊल मागे बसवा. लेस खालून सैल ठेवा आणि घोट्याजवळच्या शेवटच्या दोन भोकांत फास घेऊन घट्ट आवळा. तोलारखिंडीच्या वरच्या कातळाला लागण्यापूर्वी सगळ्यांनी थांबून लेस पुन्हा बांधायची, हा नियमच करून टाका. ज्याची नखं गेली होती त्याला सांगा, दुकानात बूट संध्याकाळी आणि ट्रेकचे मोजे घालून बघ. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं, ते मापात धरलं जातं.

सॅक. शेवटच्या सकाळी "घरीच तर जायचंय" म्हणून ती कशीही भरली जाते आणि टॉर्च तळाला जातो. टॉर्च, विंडचीटर, प्रथमोपचाराची पिशवी आणि एका वेळचं खाणं वरच्या कप्प्यातच राहिलं पाहिजे, अगदी सकाळी नऊला निघत असलात तरी. उरलेले कांदे-बटाटे, तांदूळ, मॅगीची पाकिटं खाली वाहून आणू नका. गडावर झोपडी टाकून जेवणखाण देणाऱ्या मामा-मावशींना विचारून द्या. त्यांना ती चढवून आणावी लागतात, त्यामुळे त्यांच्या लेखी या सामानाची किंमत तुमच्याहून जास्त आहे. कचरा मात्र त्यांच्या गळ्यात मारायचा नाही, तो तुमच्याबरोबर खाली. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा शेकोटीचा विचारही सोडा.

पाणी प्रत्येकी दोन लिटर भरून घ्या. देवळाजवळची पुष्करणी बघण्यासाठी आहे. पिण्याचं टाकं कोणतं ते मामांना विचारा आणि पाणी गाळून, जंतुनाशक गोळी टाकून भरा. खिंडीपर्यंतच्या वाटेवर डिसेंबरात पाणी मिळेल असं धरू नका. शनिवार-रविवारी खिंडीत लिंबूसरबतवाले असतात, पण असतील तर आनंद, इतकंच.

आता प्रत्यक्ष वाट. देऊळ सोडल्यावर पूर्वेकडे, बालेकिल्ल्याच्या पायथ्याने वाट जाते. लोकांना वाटतं की आता उतार सुरू, पण बराच वेळ छोट्या टेकाडांची चढउतार चालते, मधे झाडी, मधे उघडं पठार. हा पट्टा फसवा आहे. एकसारखी टेकाडं, गुरांच्या आणि माणसांच्या वाटा एकमेकींत मिसळलेल्या. पाऊस आणि धुक्यात याच भागात वाट चुकून ट्रेकर अडकल्याच्या, रात्रभर भिजत काढल्याच्या घटना घडल्या आहेत. डिसेंबरात हवा स्वच्छ असते म्हणून ढिले पडू नका. पुढचा मोबाइल बघत चालतो, मागचे त्याच्या पाठीकडे बघत चालतात आणि सहाहीजण ढोरवाटेने डोंगराच्या भलत्याच सोंडेवर जातात. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर ठेवा. थंडीत आणि रेंज शोधण्यात बॅटरी लवकर संपते. मळलेली वाट दहा मिनिटं दिसली नाही तर पुढे शोधत बसू नका, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या.

चालण्याचा क्रम सकाळीच ठरवा. वाट माहीत असलेला पुढे, त्याच्यामागे सर्वांत हळू चालणारा, शेवटी दुसरा अनुभवी माणूस. शेवटच्या दिवशी तगड्या पोरांना खाली जाऊन थंड पाणी प्यायची घाई होते आणि गट फुटतो. फुटलेल्या गटात मागे राहिलेल्याजवळ नेमकं काहीच नसतं. प्रथमोपचाराची पिशवी म्हणूनच पिछाडीच्या माणसाकडे द्यायची, कारण पडणारा क्वचितच त्याच्या मागे असतो. प्रत्येक फाट्यावर आणि कातळाच्या माथ्यावर थांबून डोकी मोजा.

मग येतो खिंडीवरचा कातळ. रेलिंग लावलेलं आहे, खोबण्या आहेत, कोरड्या हवेत अवघड काही नाही. तरी काही गोष्टी पाळायच्या. कातळ सुरू होण्याआधी काठ्या सॅकला बांधा, दोन्ही हात मोकळे हवेत. रेलिंगला धरण्याआधी हलवून बघा; वर्षानुवर्षांच्या पावसात एखादा खांब सैल झालेला असतो. धीर सुटत असेल तर कड्याकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरा. कुणी हसणार नाही, आणि हसलाच तर त्याला पुढच्या वेळी स्वयंपाकाला लावा. खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरच्याने पाऊल टाकायचं नाही. दगड सुटला तर मोठ्याने "दगड!" असं ओरडायचं, आणि खालच्यांनी वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं. सुट्टीच्या दिवशी खालून गर्दी चढत असते. त्यांना वाट द्या, पण तुम्ही आतल्या अंगाला, कातळाच्या बाजूला उभे राहा. सॅक वळवताना तिचा धक्का शेजाऱ्याला बसतो हे लक्षात राहत नाही.

माझ्या मते कातळापेक्षा घातक म्हणजे आसपासचं वाळकं गवत आणि मुरमाचा घसारा. कातळावर माणूस सावध असतो. गवतावर गप्पा मारत असतो, आणि डिसेंबरातलं आडवं झालेलं गवत सकाळच्या दवाने ओलं असेल तर त्यावर बूट अजिबात धरत नाही. घसाऱ्यावर तिरकं उतरा, पुढच्या पावलावर भार टाकण्याआधी ते दाबून बघा. घसरलात तर हात मागे टेकू नका, मनगट जातं. बसकण मारा. तेवढ्यासाठी सॅक पाठीशी चांगली आहे.

तोलारखिंडीत दगडात कोरलेलं वाघाचं शिल्प आहे. तिथे वीस मिनिटं बसा, भूक असो वा नसो काहीतरी खा, मीठ-साखरेचं पाणी प्या. गडाकडून येताना खिंडीतून उजवीकडे, दक्षिणेला उतरणारी वाट खिरेश्वरची. डावीकडची कोथळ्याला जाते, आणि तिकडे गेलात तर कल्याणच्या एसटीला विसरा. खिरेश्वरच्या वाटेवर पुढे धरणाचं पाणी समोर दिसत राहतं, ही खूण पक्की. गाव दिसू लागल्यावरचा शेवटचा तास सोपा आहे आणि पाय मुरगळतात ते तिथेच. मुरगळला आणि पायावर भार घेता येत असेल तर बूट काढू नका, वरूनच आवळून बांधा. काढलेला बूट सुजलेल्या पायात पुन्हा जात नाही.

साप दिसला तर त्याला जाऊ द्या. चावलाच तर आवळपट्टी, चिरा, चोखणं यातलं काहीही नाही. पाय हलू न देता बांधा, माणसाला शक्यतो चालवू नका, १०८ ला फोन करा आणि सर्पविषावरचं औषध असलेल्या दवाखान्यात पोचवा. डोंगरातल्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा क्रमांक निघण्यापूर्वीच सहाही फोनमध्ये साठवा. घरच्या एका माणसाला लेखी सांगून ठेवा: कोणत्या वाटेने उतरणार, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

दुसरा पर्याय तयार ठेवा. तिसऱ्या रात्री जेवताना प्रत्येकाला उभं करून दहा उठाबशा काढायला लावा. गुडघा धरून बसणारा एकजण जरी निघाला तरी तोलारखिंड रद्द, सगळ्यांनी पाचनईला उतरायचं. दीड-दोन तासांची सरळ वाट आहे, गावातून जीप करून राजूर गाठता येतं. एसटी कमी असल्याने जीपचं पाचनईतून चढतानाच बोलून ठेवा. "रेंज पूर्ण झाली नाही" म्हणून कुणी नाराज होईल, होऊ दे. आणि गटातल्या कुणाच्या डोक्यात नळीच्या वाटेने किंवा साधले घाटाने खाली कोकणातल्या बेलपाड्यात उतरायची कल्पना असेल तर ती या ट्रेकमध्ये नको. दोन्ही वाटा ताज्या पायांसाठी आणि वाट जाणणारा माणूस बरोबर असताना करायच्या आहेत.

खिरेश्वरात बूट काढून चपला घाला, जेवा, आणि अंगात त्राण असेल तर नागेश्वराचं जुनं देऊळ बघा. छतावरचं कोरीवकाम मान दुखेपर्यंत बघावं असं आहे. फाट्यापर्यंत चालायचा कंटाळा आला तर जीप मिळते का विचारा. डोंगर संपलाय, डांबरावर चालून काही सिद्ध होत नाही.

फाट्यावरची खरी अडचण रविवारची. नगर आणि आळेफाट्याकडून माळशेज घाटातून कल्याणला जाणाऱ्या गाड्या संध्याकाळी खच्चून भरलेल्या येतात आणि सहा मोठ्या सॅका बघून कंडक्टर डबल बेल देतो. तासभर गाडी थांबली नाही तर उलट दिशेची कोणतीही गाडी धरून ओतूर किंवा आळेफाट्याच्या स्टँडवर जा आणि तिथून चढा. वेळ थोडा जास्त जातो, पण बसायला मिळण्याची शक्यता वाढते. कुणी रतनवाडीला स्वतःची गाडी लावायचं सुचवत असेल तर त्याला नकाशा दाखवा. रतनवाडी अकोले तालुक्यात, खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, मधे अख्खी रांग. शिवाय चार दिवस चाललेल्या माणसाने रात्री घाटात गाडी चालवू नये.

रजा मिळत असेल तर गुरुवार ते रविवारऐवजी बुधवार ते शनिवार करा. शनिवारी दुपारी फाट्यावर गर्दी कमी असते आणि रविवारी मांड्या घरी दुखतात, ऑफिसच्या जिन्यावर नाही.